झाकण उघडणाऱ्यांच्या बाजूने

गेल्या मे महिन्यात अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचा अकरावीत आहे. त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा बाजूचा पत्रा गोल कापून तिथे १२० मिलिमीटरचा पंखा बसवला होता. कापलेली कड कानशीने घासली होती, हाताला लागू नये म्हणून तिच्यावर रबराची पट्टी चढवली होती आणि धूळ अडावी म्हणून पंख्यापुढे डासांच्या जाळीचा तुकडा ताणून लावला होता. काम इतकं नेटकं होतं की मी त्या कडेवरून दोनदा बोट फिरवलं. रात्री जेवताना मात्र घरातल्या मोठ्यांनी त्याला धारेवर धरलं. चांगल्या वस्तूची वाट लावली, एवढं डोकं अभ्यासात घातलं असतं तर, वॉरंटी गेली, उद्या शॉर्टसर्किट झालं म्हणजे? आणि शेवटी त्याचे काका ते वाक्य बोलले, जे मी गेली पंचवीस वर्षं या ना त्या तोंडून ऐकत आलो आहे : "अरे, कंपनीत बसलेले इंजिनिअर मूर्ख आहेत का?"

पोरगं मान खाली घालून भात कालवत राहिलं. पाहुणा म्हणून मीही गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून सलतं आहे, म्हणून आता बोलतो.

आधी समोरच्यांचं म्हणणं पुरतं मांडून घेऊ. कॉम्प्युटर ही तयार वस्तू आहे. ज्यांनी ती बनवली त्यांना तिच्यातलं सगळं कळतं, आपण फक्त वापरायची. प्रोसेसरवर जो वेग छापलाय तोच त्याचा वेग. त्यापुढे त्याला पळवणं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, हा वस्तूवर अत्याचार आहे. कॅबिनेट कापणं, रंगवणं, आतली हवा वळवणं, पाण्याच्या नळ्या फिरवणं, म्हणजे मॉडिंग, हा पैसेवाल्या घरच्या रिकाम्या पोरांचा चकचकाट आहे. फायदा डोळ्यांना दिसत नाही, खर्च आणि धोका तेवढा दिसतो. वीज जास्त जाते. आणि हल्ली कंपन्याच सगळं करून देतात, तेव्हा आता याची गरजही उरलेली नाही.

असं म्हणणारे लोक अडाणी नाहीत. त्यांत सॉफ्टवेअरमध्ये वीस वीस वर्षं काढलेले माझे मित्र आहेत, विज्ञान शिकवणारे मास्तर आहेत. म्हणूनच या मताला उत्तर द्यायला हवं. अडाणीपणातून आलेला विरोध शिक्षणाने निवळतो. शिकलेल्या माणसाने 'हात लावू नकोस' म्हटलं की पोरं ते कायमचं मनावर घेतात.

तर सुरुवात त्या इंजिनिअरांपासून. ते मूर्ख नाहीत. पण चिपवर कोणता आकडा छापायचा हे ते एकटे ठरवत नाहीत. सिलिकॉनच्या एका चकतीतून शेकडो चिप निघतात आणि एकाच चकतीतल्या असल्या तरी त्या सारख्या निघत नाहीत. एखादी जास्त वेग पेलते, एखादी कमी व्होल्टेजवर चालते, एखादीचा कोपरा निकामी असतो. कारखान्यात त्यांची चाचणी होते आणि देवगडात हापूसची प्रतवारी लागावी तशी त्यांची प्रतवारी लागते. इथवर ठीक. पण समजा माल सगळाच पहिल्या प्रतीचा उतरला आणि बाजाराला मात्र स्वस्त माल जास्त हवा आहे. तेव्हा काय करायचं? कंपनी पहिल्या प्रतीच्या चिपवर दुसऱ्या प्रतीचा आकडा छापते. यात फसवणूक नाही, कारण छापलेला वेग तुम्हाला मिळतोच. पण तो आकडा त्या चिपची कुवत सांगत नाही. तो बाजाराची गरज सांगतो. हे एकदा समजलं की काकांच्या प्रश्नाचा सगळा जोर ओसरतो.

माझं म्हणणं कुणाला तर्कट वाटेल, म्हणून इतिहास सांगतो. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने दोन प्रोसेसर बाजारात आणले. सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा, घाऊक दर १४९ डॉलर. पेन्टियम टू हा ४५० मेगाहर्ट्झचा, घाऊक दर ६६९ डॉलर. प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डवरच्या बसचा, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या मार्गाचा, वेग गुणिले प्रोसेसरमधला ठरावीक गुणक. दोघांचाही गुणक साडेचार. फरक एवढाच की सेलेरॉनला ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ठेवलं होतं आणि पेन्टियमला १०० च्या. अबिट कंपनीच्या बीएच६ या मदरबोर्डवर हा बसचा वेग जम्पर न हलवता, बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या, पडद्यावरूनच बदलता यायचा. लोकांनी ६६ च्या जागी १०० केले आणि सेलेरॉन ४५० वर चालू लागला, तोही बहुतेक वेळा सोबत आलेल्या साध्या पंख्यावर. सेलेरॉनची कॅश स्मृती फक्त १२८ किलोबाइट होती, पण ती चिपच्याच अंगात होती आणि प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची. पेन्टियमची ५१२ किलोबाइट होती, पण चिपच्या बाहेर आणि अर्ध्या वेगाची. त्यामुळे अनेक कामांत १४९ डॉलरचा प्रोसेसर ६६९ डॉलरच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. आता सांगा, ज्या विद्यार्थ्याने हे करून पाहिलं त्याने वस्तूवर अत्याचार केला, की वस्तूत जे होतंच ते वापरलं?

दुसरं उदाहरण जून २००९ चं. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचा फेनम टू एक्सटू ५५० हा दोन कोअरचा, म्हणजे दोन गणन-केंद्रांचा, प्रोसेसर होता. पण त्याची चिप मुळात चार कोअरची. दोन कोअर कारखान्यात बंद केलेले. काही चिपमध्ये ते खरोखर सदोष होते, काहींमध्ये मात्र धडधाकट होते आणि स्वस्त मालाची मागणी पुरवण्यासाठी त्यांना झोपवलं होतं. बायोसमधल्या एका पर्यायाने ते जागे व्हायचे. कोणते सदोष आणि कोणते धडधाकट, हे कळण्याचा मार्ग एकच होता : जागं करा, रात्रभर राबवा, चूक होते का बघा. हे प्रयोगशाळेचं शिस्तशीर काम हजारो लोकांनी आपल्या टेबलावर केलं. आपल्या शाळांत विज्ञानाच्या तासाला प्रयोगवहीत निष्कर्ष आधी लिहून मग निरीक्षणं भरली जातात. त्या मुलांना खरं निरीक्षण करायला लावणारा छंद मिळाला, तर आपण त्याला वाया गेलेला वेळ म्हणणार आहोत का?

आणि कंपन्यांना हे सगळं माहीत आहे. अगदी सुरुवातीपासून. १९८४ मध्ये आयबीएमने पीसी-एटी आणला, ६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा. मदरबोर्डवरचा क्वार्ट्झचा छोटा स्फटिक त्याला ठेका द्यायचा, आणि प्रोसेसर स्फटिकाच्या निम्म्या वेगाने चालायचा. लोकांनी १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून तिथे १६ चा बसवला आणि तेच यंत्र ८ मेगाहर्ट्झवर चालवलं. चाललं. मग आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये वेग तपासणारी एक पायरी घातली. वेग जास्त आढळला की यंत्र सुरूच व्हायचं नाही. १९८६ मध्ये त्याच कंपनीने ८ मेगाहर्ट्झचा एटी अधिकृतपणे विकायला काढला. इंजिनिअर मूर्ख नव्हते, हे अगदी खरं. यंत्र आठवर चालतं हे त्यांना माहीत होतं आणि तुम्ही ते चालवू नये अशीही व्यवस्था त्यांनी केली. अशीच गोष्ट २०१६ ची. इंटेलच्या त्या पिढीतले स्वस्त, कुलूपबंद (म्हणजे गुणक बदलू न देणारे) प्रोसेसर काही मदरबोर्डवर बसचा वेग वाढवून पळू लागले होते. थोड्याच महिन्यांत ती सोय नव्या बायोसमधून काढून टाकण्यात आली. त्या चिपमध्ये काही बिघाड होत होता म्हणून नव्हे. महाग मालिकेची विक्री राखायची होती, एवढंच त्याचं कारण मला दिसतं.

कुलपाच्या बाजूने एक कारण सांगितलं जातं. नव्वदीच्या दशकात काही लबाड व्यापारी स्वस्त चिपवरचा आकडा घासून तिथे मोठा आकडा छापत आणि गिऱ्हाइकाला फसवत. ते झालं, खरंच झालं. पण तो गुन्हा लपवण्याचा होता. छंदिष्ट माणूस स्वतःची चिप, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने पळवतो आणि किती व्होल्टेजवर किती तापमान आलं ते दशांशासकट इतरांना सांगतो. दुधात पाणी घालणारा आणि घरी दूध तापवून साय काढणारा यांना एकाच पिंजऱ्यात उभं करता येत नाही.

आता धोका. या मुद्द्यावर समोरच्यांना सर्वांत जास्त आत्मविश्वास असतो आणि सर्वांत कमी माहिती. प्रोसेसर तापतो तो दोन गोष्टींनी. वेग वाढला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढलं की त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवावं लागलं, तर उष्णता सुमारे ४५ टक्के वाढेल. हा हिशेब ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला तोंडपाठ असतो. व्होल्टेज बेफाम वाढवलं तर चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांतले धातूचे अणू विजेच्या प्रवाहाबरोबर हळूहळू सरकतात आणि चिपचं आयुष्य घटतं, हेही त्याला ठाऊक असतं, म्हणूनच तो एकेका पायरीने जातो. आजचा प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो, त्यापुढे बंद पडतो. घर पेटण्याची भीती घालणाऱ्यांनी हे एकदा वाचून घ्यावं. खरा धोका आहे तो एसएमपीएसच्या, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या, डब्यात. प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार राहू शकतो, म्हणून तो डबा उघडायचा नाही. हा नियम मला कुठल्याही शाळेत कुणी शिकवला नाही, याच छंदातल्या थोरल्यांनी दम देऊन शिकवला.

आणि सावधपणाचंच बोलायचं तर या लोकांइतका सावध वापरणारा दुसरा कुठे दाखवा. वेग वाढवला, विंडोज सुरू झालं, झालं काम, असं इथे कुणी मानत नाही. प्राइम९५ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो मुळात मर्सेन प्रकारच्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्याच्या गुणाकारांत एका अंकाचीही चूक चालत नाही, म्हणून वेग वाढवलेला प्रोसेसर त्याच्या हवाली करतात. प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबतो आणि उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडलं जातं. सात तास बरोबर चालून आठव्या तासाला एक चूक झाली, तरी तो वेग रद्द. एक पायरी खाली, पुन्हा रात्रभर. मेमरीसाठी मेमटेस्ट८६ वेगळा. याला माझे काही मित्र कौतुकाने 'जुगाड' म्हणतात. मला तो शब्द इथे मान्य नाही. जुगाड वस्तू चालू झाली की थांबतो. इथे वस्तू चालू झाल्यावर कामाला सुरुवात होते.

कंपनीने दिलेल्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबावं, असं सांगणाऱ्यांनी २०२४ सालही आठवावं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर मोठ्या संख्येने अस्थिर होऊ लागले. कारण निघालं ते जास्त व्होल्टेजचं. प्रोसेसरच्या स्वतःच्या आज्ञावलीतच चूक होती आणि तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. कंपनीने ऑगस्टमध्ये दुरुस्ती काढली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी कधी बायोस उघडला नव्हता, झाकणाला हात लावला नव्हता, अशांचेही प्रोसेसर यात गेले. व्होल्टेजच्या आकड्याकडे रोज बघायची सवय असलेल्यांना मात्र तो आकडा खटकू शकत होता. कुणाची सवय जास्त सुरक्षित ठरली?

पुन्हा अकोल्याच्या त्या पंख्याकडे येतो, कारण माझ्या रागाचं मूळ तिथे आहे. हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. पूर्ण राबताना तो खोलीपेक्षा ६० अंश वर जातो असं धरा. खोली २२ अंशांची असेल तर प्रोसेसर ८२ वर राहील, मजेत. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत ४० अंश असतात. मग प्रोसेसर १०० वर. तो वेग कमी करणार, गेम अडखळणार, व्हिडिओ निघायला जास्त वेळ लागणार, आणि घरचे म्हणणार कॉम्प्युटर जुना झाला, नवा घ्या. त्यात मधली काही वर्षं कॅबिनेटच्या पुढच्या अंगाला सलग काच लावायची टूम आली. हवेला आत यायला दोन्ही बाजूंना बोटभर फट. ज्या इंजिनिअराने ती रचना केली तो मूर्ख नव्हता, त्याने ती अकोल्यासाठी केलेली नव्हती इतकंच. अकोल्यासाठी ती कुणी करायची? जो अकोल्यात राहतो त्यानेच ना? आपल्याकडच्या वाड्यांना जाड भिंती, चौक आणि झरोके होते ते कुणा परक्या कंपनीने पाठवलेले नव्हते. इथलं ऊन ज्यांच्या डोक्यावर होतं त्यांनी ते बांधले. भाच्याने कॅबिनेटला एक झरोका पाडला.

हे मी स्वतः भोगलं आहे. २००१ मध्ये पुण्यात माझ्याकडे साडेसहाशे मेगाहर्ट्झचा एएमडी ड्युरॉन होता. उन्हाळ्यात रोज दुपारी कॉम्प्युटर गोठायचा. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितलं, काही हजारांचं काम. माझे वडील एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण गरम हवा वर जाते हे कळत होतं. त्यांनी कॅबिनेटच्या वरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याला धुरांडं नाही." आम्ही तापकीर गल्लीतून एक पंखा आणला, वरच्या पत्र्यावर कंपासने वर्तुळ काढलं, कडेने छिद्रं पाडत गेलो आणि मधला तुकडा ठोकून काढला. मी कानस उलटसुलट घासायला लागलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "पुढे जाताना दाबायची, मागे आणताना उचलायची. नाहीतर दात बोथट होतात." संध्याकाळी वीज गेली, उरलेलं काम त्यांनी टॉर्च धरून माझ्याकडून पुरं करून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारचं गोठणं थांबलं. मदरबोर्ड बदलावा लागला नाही.

तिथून माझी भीड चेपली. त्या काळच्या ड्युरॉनच्या माथ्यावर सोनेरी बारीक बारीक ठिपक्यांच्या जोड्या होत्या, एल१ नावाच्या, आणि त्यांच्यातला जोड लेझरने तोडून गुणक कुलूपबंद केलेला असे. साध्या शिसपेन्सिलीने ते ठिपके जोडले की कुलूप उघडायचं, कारण पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. दहावीच्या पुस्तकातलं ते वाक्य मी भिंगाखाली, श्वास रोखून, पेन्सिलीच्या टोकाने खरं करून पाहिलं. साडेसहाशेचा प्रोसेसर साडेआठशेवर स्थिर झाला. खर्च एका पेन्सिलीचा. मला विचारतात की हा श्रीमंतांचा छंद नाही का! हा छंद जन्मलाच मुळी महागडी वस्तू न परवडणाऱ्यांच्या घरी. आज तो महाग दिसतो, कारण एका कंपनीने वेग वाढवण्याची मुभा ठरावीक महाग प्रोसेसर आणि ठरावीक महाग मदरबोर्डपुरती ठेवली. दुसरीने बहुतेक प्रोसेसर मोकळे सोडले आणि मधल्या किमतीच्या मदरबोर्डवरही ती सोय दिली. महागाईचा जाब विचारायचा तर ज्यांनी कुलूप घातलं त्यांना विचारा.

विजेचं झटपट उरकतो. वेग वाढवलेला कॉम्प्युटर पूर्ण राबताना १०० वॅट जास्त खातो असं मोकळ्या हाताने धरू. रोज दोन तास राबवला तर महिन्याला सहा युनिट होतात. दीड टनाचा एसी चार-पाच तासांत तेवढी वीज घेतो. आणि ज्याला वेग वाढवायला येतं त्याला व्होल्टेज कमी करायलाही येतं, हे कुणी लक्षात घेत नाही. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवता आलं, तर १०० वॅटच्या जागी सुमारे ८१ वॅटमध्ये काम होतं. माझ्या ओळखीतले निम्मे छंदिष्ट आता हेच करतात. वीज वाचवण्याचं हे कसब त्याच छंदातून आलं आहे ज्याला तुम्ही विजेची नासाडी म्हणता.

राहिला चकचकाट. रंगीत दिव्यांची माळ विकत आणून कॅबिनेटमध्ये टाकणं म्हणजे मॉडिंग, असा समज दुकानदारांनी करून दिला आणि टीकाकारांनी तो तसाच उचलला. माळ टाकायला दहा मिनिटं लागतात. पत्रा कापणं, ॲक्रिलिक तापवून वाकवणं, प्रत्येक तारेवर वेगळी जाळी विणून तिला मदरबोर्डच्या मागून फिरवणं, कडक नळीला नव्वद अंशांचा बाक देताना ती चपटी होऊ न देणं, रंगाआधी अस्तर आणि अस्तराआधी पॉलिश पेपर, याला आठवडे लागतात. पण दिव्यांचीही मला लाज वाटत नाही. कष्टाच्या साधनाला सजवण्याची लाज महाराष्ट्राला कधीपासून वाटायला लागली? पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, पाठीवर झूल घालतो, कपाळाला बाशिंग बांधतो. बैल त्याने जास्त नांगरतो का, असं कुणी शेतकऱ्याला विचारत नाही. विदर्भात तर तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून रांगेत उभी राहतात आणि मोठी माणसं त्यांना कौतुकाने बोजारा देतात. दसऱ्याला ऑफिसातल्या त्याच कॉम्प्युटरला झेंडूची माळ आपण घालतो. वर्षातून एक दिवस आपण ज्या यंत्रापुढे हात जोडतो, त्याच्यावर वर्षभर माया करणारा पोरगा दिखाऊ ठरतो, यामागचा न्याय मला समजलेला नाही.

हल्ली कंपन्याच सगळं करून देतात, मग आता कशाला, हा आक्षेप मला सर्वांत कृतघ्न वाटतो. गरजेप्रमाणे प्रोसेसरचा वेग आपोआप चढवणारी टर्बोची सोय इंटेलने २००८ मध्ये आणली. त्याआधी किमान दोन दशकं लोक हे हाताने करत होते आणि सिलिकॉनमध्ये किती वाव शिल्लक असतो ते जगाला दाखवत होते. आज दुकानात पाण्यावर थंड होणारं तयार यंत्र मिळतं. सुरुवातीच्या लोकांनी ते मोटारीच्या हीटरचा रेडिएटर आणि माशांच्या टाकीचा पंप जोडून घरी बनवलं. कॅबिनेटला पारदर्शक बाजू, तारा मागून नेण्याची जागा, पंख्यांसाठी जाळीदार दर्शनी भाग, हे सगळं आधी कुणीतरी करवतीने कापलं, मग कारखान्याने साच्यात घातलं. ज्यांच्या टेबलावर ही भर पडली त्यांनाच आता निरुपयोगी ठरवायचं?

डिसेंबर २०२२ मध्ये आसूस कंपनीच्या पथकाने इंटेलच्या एका प्रोसेसरला द्रवरूप हेलियमच्या थंडीत ९ गिगाहर्ट्झच्या पार नेलं. त्या वेगाला एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम ३.३ सेंटिमीटर जातो. याचा उपयोग काय, असं मला एका प्राध्यापकांनी विचारलं. सिलिकॉनची हद्द कुठे आहे ते कळलं. प्राध्यापकांना एवढं उत्तर पुरायला हवं होतं.

आमच्या बाजूचेही काही लोक इथे बचावाची चुकीची जागा धरतात. यातून करिअर होतं, पुढे हार्डवेअरमध्ये नोकरी लागते, असं ते पालकांना पटवत बसतात. मी तो बचाव करणार नाही. कुणाला लागेल नोकरी, बहुतेकांना लागणार नाही. या कामाचं मोल नोकरीत नाही, वस्तू आणखी खुलवण्यात आहे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडीचा माथा केसभर घासतात, तारेखाली सुताचा धागा किंचित पुढेमागे सरकवतात आणि तोच लाकूड-भोपळा, त्याच तारा, एकाएकी भरून बोलू लागतात. तंबोरा आधीही वाजत होताच की, असं त्यांना कुणी म्हणत नाही. कारण स्वर आणखी खुलू शकतो हे ऐकणाऱ्याला कळतं. यंत्राच्या बाबतीत आपला कान तयार नाही. आपल्याकडे अजूनही अख्ख्या खोक्याला 'सीपीयू' म्हणतात. खोक्यात काय आहे हे ज्याला माहीत नाही त्याने, ज्याने ते उघडून पाहिलं त्याला अक्कल शिकवायची, ही रीत मला मान्य नाही.

आणि ही रीत कॉम्प्युटरपाशी थांबत नाही. मोबाइलची बॅटरी बदलता येत नाही, ट्रॅक्टरचा बिघाड कंपनीच्या माणसाशिवाय वाचता येत नाही, छपाईयंत्र दुसऱ्याची शाई नाकारतं. पैसे मोजून घेतलेली वस्तू हळूहळू आपल्या हातून निसटत चालली आहे आणि तिचं झाकण उघडणाऱ्यालाच आपण घरात बसून रागावतो. मुलगी असेल तर तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर आधीच काढून घेतलेला असतो.

तुमच्या घरात कुणी कॅबिनेट उघडून, पत्र्यावर पेन्सिलीने वर्तुळ आखून बसलं असेल, तर त्याला किंवा तिला मूर्ख कोण हे विचारू नका. एसएमपीएसचा डबा उघडू नकोस, एवढं बजावा. मग टॉर्च घ्या, प्रकाश हवा तिथे धरा, आणि कानस पुढे जाताना दाबायची, मागे आणताना उचलायची, हे सांगा.